जागा कुणाची?

एखाद्या कलावंतानं ‘स्वतःची जागा निर्माण केली’ असं समीक्षक लिहितात, तेव्हा मी विचारतो, ती जागा आधी कुणाची होती?

वाळवा तालुका आज सांगलीत आहे, पूर्वी साताऱ्यात होता. तिथल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) तमाशात शिरले नि पठ्ठे बापूराव झाले. बामणानं घरदार सोडून फडावर उभं राहणं सोपं नव्हतं, हे मानलंच पाहिजे. पण तो फड, ती ढोलकी, ते तुणतुणं महार-मांगांनी आधीच जगवलं होतं. त्यांच्या लावणीला गर्दी खेचली ती पवळा या महार बाईनं. लावणी छापली की खाली लिहिणाऱ्याचं नाव येतं. गळा छापता येत नाही.

त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यातले अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९). साधनं तीच. पण १९४४ साली अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, देवाचा गण आणि गवळण बाजूला सारली, नि कामगाराला वगात आणून उभा केला. हे खरं वेगळेपण. नुसत्या आवाजाचं नव्हे, बाजू घेण्याचं.

दोघंही हलाखीतच गेले. जागा मिळाली म्हणून भाकरी मिळत नाही, हे सूतगिरणीत पाळी करून कविता लिहिणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तेव्हा जलसेवाल्या पोरांनो, नुसती नवी चाल शोधू नका. मंचावर नवा माणूस आणा. आणि जाहिरात छापताना बघा, आपल्या पवळाचं नाव त्यात आहे का?