तामागोची : स्वयंपूर्ण यंत्ररचनेचे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना :
बांदाई या जपानी कंपनीने २३ नोव्हेंबर १९९६ रोजी ‘तामागोची’ हे अंडाकृती, तळहातात मावणारे खेळणे बाजारात आणले. पडद्यावरील आभासी प्राण्याला खाऊ घालणे, त्याची स्वच्छता राखणे, आजारपणात औषध देणे ही कामे बालकाने करावयाची असतात. शेरी टर्कल यांनी ‘अलोन टुगेदर’ (२०११) या ग्रंथात, ज्याची निगा राखावी लागते त्यावर माणसाचा जीव जडतो, या दृष्टीने अशा खेळण्यांची मीमांसा केली आहे. ही मीमांसा मौलिक असली तरी तिचा भर बालकाच्या भावविश्वावर आहे. प्रस्तुत लेखात यंत्राच्या अंतर्रचनेचा विचार केला आहे.

विवेचन :
मूळ तामागोचीत एप्सन कंपनीचा ४ बिटांचा मायक्रोकंट्रोलर, ३२ × १६ म्हणजे अवघ्या ५१२ ठिपक्यांचा पडदा, तीन बटणे आणि मनगटी घड्याळात असतो तसा सेकंदाला ३२,७६८ कंपने देणारा स्फटिक होता. गती मंद असल्याने विजेचा वापर अत्यल्प. म्हणूनच बटणाएवढ्या बॅटरीवर हे यंत्र अखंड चालू शकले. प्राण्याची भूक, झोप व वाढ ही सर्व या घड्याळाशीच बांधलेली होती. चित्रातील उणीव बालकाची कल्पनाशक्ती भरून काढी. अर्थात, तंत्राची मर्यादा हीच येथे कलात्मक सामर्थ्य ठरली.

तथापि ही रचना निर्दोष नव्हती. तिला बंद करण्याचे बटण नव्हते. दुर्लक्ष झाल्यास प्राणी मरे. बालकाच्या वेळेवर यंत्राचा हक्क येथूनच सुरू झाला. मात्र बालकाने केलेली कोणतीही नोंद त्या अंड्याबाहेर जात नव्हती. याउलट, बालकाचे बोलणे इंटरनेटवर पाठविणारी ‘माय फ्रेंड कायला’ ही बाहुली जर्मनीच्या नियामक संस्थेने २०१७ मध्ये छुपे प्रक्षेपण-उपकरण ठरवून बेकायदेशीर घोषित केली. पुढे २०२३ मध्ये ‘तामागोची युनी’ या आवृत्तीत वाय-फाय आले आणि मूळची बंदिस्त रचना खुली झाली.

समारोप :
सारांश, खेळण्यातील इलेक्ट्रॉनिक रचनेचे मूल्यमापन केवळ तिच्या क्षमतेवरून करणे अपुरे आहे. तिच्यातील नोंदी कोठवर जातात, हाही समीक्षेचा निकष असावयास हवा. या निकषावर ५१२ ठिपक्यांचे ते अंडे आपल्या अनेक प्रगत वारसदारांपेक्षा सरस ठरते.