चौकट आणि आस्वाद : केकी मूस यांच्या छायाचित्रांच्या संदर्भात

चाळीसगाव (जि. जळगाव) येथील कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांच्या टेबलटॉप छायाचित्रांत मेजावर रचलेले लहानसे दृश्य खरे भासते. हा आभास कृष्णधवल छटांच्या सूक्ष्म श्रेणीवर उभा असतो. म्हणूनच अशा कलाकृतींची चौकट केवळ सजावटीची बाब ठरत नाही. काच छायाचित्राला भिडलेली असल्यास पावसाळी दमटपणात जिलेटिनचा थर तिला चिकटतो. आम्लयुक्त पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो व छटांतील भेद मावळतो. आम्लरहित माउंट दोहोंत अंतर राखतो आणि दृष्टीलाही विसावा देतो. याउलट नक्षीदार सोनेरी पट्टी संयत प्रतिमेवर कुरघोडी करते. खानदेशातील प्रखर उन्हात अतिनील किरण रोखणारी काचही एकटी पुरत नाही. मंद प्रकाश आवश्यकच असतो. छटाच लोपल्यास समीक्षेला आधार उरत नाही. सारांश, जतन ही आस्वादाची पूर्वअट होय.