झाडीपट्टीचा हंगाम आणि आमची फूटपट्टी

तर मंडळी, आता वडशाकडे वळू. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं, की इथल्या नाट्यमंडळांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारापर्यंत चालतो. अनेक गावांत दिवसा शंकरपट, रात्री नाटक.

आम्ही शहरातले समीक्षक म्हणतो, फार लांबतं, फार भडक असतं. पण पट बघायला आलेल्या पाहुण्याला रात्र मांडवातच काढायची असते. दोन तासांत पडदा पाडला तर तो जाईल कुठे? आणि मागच्या माणसापर्यंत पोचायचं, तर आवाज चढणारच.

मग दोष नाहीतच का? आहेत ना. प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभा राहिलेला नट समोरच्याचं ऐकत नाही, पुढच्या वाक्याची वाट बघतो. प्रसंग रंगात आला, की मध्येच नाच घुसतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, आम्हाला आनंदच झाला. पण नुसतं कौतुक करून आमचं काम संपत नाही. तिकीट काढून अख्खी रात्र देणाऱ्या प्रेक्षकाला नाटक सलग मिळावं, एवढं तरी आम्ही मागितलंच पाहिजे.