गौरव कोणाचा आणि कोणत्या निकषावर? : निवृत्त मल्लांच्या सन्मानविषयक वादाची चिकित्सा

प्रस्तावना :

भीमाकाठच्या शिरूर व दौंड तालुक्यांत चैत्र उजाडला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. रेवड्यांच्या व नारळाच्या कुस्त्यांपासून अखेरच्या मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत हलगी वाजत राहते. त्याच वेळी आखाड्याभोवती बसलेल्या जाणत्यांमध्ये दुसरी एक कुस्ती रंगते, ती शब्दांची. खरा मोठा मल्ल कोण? ज्याला शासनाने गौरविले नाही, तो लहान ठरतो काय? हा वाद वरवर पाहता हौसेचा वाटतो; परंतु समाज आपल्या गुणवंतांची आठवण कोणत्या मापाने जतन करतो, हा गंभीर प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात या वादातील शासकीय निकष आणि लोकनिकष या दोहोंची चिकित्सा केली आहे.

शासकीय निकषांची मर्यादा :

या वादात पहिले नाव निघते ते खाशाबा जाधव यांचे. कराडजवळच्या गोळेश्वर येथील या मल्लाने १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा क्रमांक मिळविला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक पटकाविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले. महाराष्ट्राला तर दुसरा वैयक्तिक पदकविजेता ७२ वर्षांनी, २०२४ साली नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्या रूपाने लाभला. असे असूनही खाशाबांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. १९८४ साली त्यांचे अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार दिला गेला तो २००० सालचा, मरणोत्तर.

ही उपेक्षा केवळ अनास्थेतून झाली, असे म्हणणे अपुरे ठरते. तिचे एक कारण नियमांच्या रचनेतही आहे. पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, अर्जुन पुरस्कार १९६१ साली. हेलसिंकीचे पदक या दोहोंच्या आधीचे. अर्जुन पुरस्कार प्रामुख्याने अलीकडच्या वर्षांतील कामगिरी पाहतो. पद्म पुरस्कार सर्वसाधारणपणे मरणोत्तर दिला जात नाही; अपवाद केला तरी निधन नजीकच्या काळातील असावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे जो खेळाडू पुरस्कारापूर्वी खेळला आणि पुरस्कारकर्त्यांना आठवण होण्यापूर्वी गेला, त्याला दारच उरत नाही. याउलट, १९८८ साली निधन पावलेल्या कर्पूरी ठाकूर यांना २०२४ मध्ये भारतरत्न जाहीर झाले. सर्वोच्च सन्मानाला काळाचे बंधन नाही आणि त्याखालील सन्मानांना मात्र आहे, ही विसंगती तर्काच्या कसोटीवर टिकत नाही.

दुसरे उदाहरण १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचे. गणपतराव आंदळकर व मारुती माने या दोघांनीही तेथे प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक मिळविले. आंदळकरांना १९६४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. माने यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २००५ साली. एकाच स्पर्धेतील तुल्यबळ यशाच्या दखलीत चार दशकांचे अंतर पडते, तेव्हा निकष लेखी आणि निर्णय सकारण असण्याची गरज स्पष्ट होते.

लोकनिकषाची मर्यादा :

शासनाला दोष देताना आखाड्याचा निकष निर्दोष मानण्याचा मोह होतो. तोही टाळला पाहिजे. हगाम्यात सर्वांत मोठे इनाम शेवटच्या, बहुधा वजनदार मल्लांच्या जोडीला असते. निकाली कुस्ती, चितपट, गदा आणि फेटा यांभोवती लोकस्मृती घडते. खाशाबा तर हलक्या वजनाचे, चपळाई व डावपेच यांवर विसंबणारे मल्ल. म्हणजे आखाड्याच्या मापातही ते उपेक्षितच राहण्याचा संभव होता. शिवाय लोकस्मृती आपल्या गावाकडे, आपल्या तालमीकडे झुकते आणि जोड सांगता सांगता प्रतिस्पर्ध्याचे वजन वाढवीत नेते. हेलसिंकीत पदकाच्या उंबरठ्यावरून परतलेले केशव माणगावे आज फारसे कोणाला आठवत नाहीत, हा दोष एकट्या शासनाचा नव्हे.

एक उद्बोधक तुलना :

अमेरिकेतील बेसबॉलचे गौरवदालन कूपरस्टाऊन या लहानशा गावात १९३९ साली उघडले. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडूचे नाव क्रीडापत्रकारांच्या मतपत्रिकेवर येऊ शकते आणि निवडीसाठी ७५ टक्के मते लागतात. तेथेही वाद होतातच. मात्र त्या व्यवस्थेने आपली एक मोठी चूक दुरुस्त करण्याचा मार्ग शोधला. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख स्पर्धांत प्रवेशच नव्हता. साहजिकच त्यांची कामगिरी निकषांत बसत नव्हती. त्यांच्यासाठी स्वतंत्र समिती नेमून १९७१ साली सॅचेल पेज यांची निवड झाली. पुढे संशोधकांनी जुन्या वृत्तपत्रांतून सामन्यांचे तपशील गोळा केले आणि २००६ साली विशेष समितीने एकदम १७ जणांची निवड केली. त्यांतील एकही जण हयात नव्हता. संधीच नाकारली गेली असेल, तर नियमात न बसणे हा खेळाडूचा दोष नव्हे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. वर्णभेदाने नाकारलेली संधी आणि पुरस्कारांच्या तारखांमुळे हुकलेला सन्मान यांची तीव्रता एक नाही. दुरुस्तीची पद्धत मात्र अनुकरणीय आहे.

निष्कर्ष :

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन म्हणून स्वीकारला, हे स्वागतार्ह आहे. परंतु एका नावाचा उत्सव म्हणजे निकषांची दुरुस्ती नव्हे. लेखी निकष, निर्णयामागील कारणे प्रसिद्ध करण्याची प्रथा आणि दिवंगत खेळाडूंसाठी कालमर्यादा नसलेला स्वतंत्र विभाग, या तीन गोष्टींशिवाय हा वाद न्यायाकडे सरकणार नाही.

यासाठी पुरावा लागतो आणि तो ग्रामीण भागातच विखुरलेला आहे. हगाम्याची हस्तपत्रके, यात्रा समित्यांच्या इनामाच्या वह्या, तालमींतील छायाचित्रे आणि वृद्ध वस्तादांच्या आठवणी यांचे पद्धतशीर संकलन शिरूर व दौंड येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येईल. आठवण आणि कागद ताडून पाहिल्यावर काही मोठी नावे कदाचित लहान होतील, काही विस्मृतीतली नावे वर येतील. पिकल्या पानांचे हे काम फार काळ थांबू शकत नाही. वस्ताद गेल्यावर त्याच्या जोडीचा निकाल सांगायला आखाड्याची माती पुढे येत नाही.