तार कानाला ऐकू येते का?

घरच्या संगीतसंचातील सीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना जोडणारी मीटरभर तार शेदोनशे रुपयांना मिळते; तशीच ती लाखाच्या घरातही मिळते. अशा महागड्या तारांची परीक्षणे ध्वनियंत्रांना वाहिलेल्या मासिकांतून कित्येक वर्षे छापली जात आहेत. एका तारेने आवाज 'उबदार' होतो, दुसरीने 'मोकळा' होतो, तिसरीने तबला 'पुढे येतो', असे परीक्षक लिहितात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती परीक्षणाच्या पद्धतीविषयी.

नगर जिल्ह्यातल्या किती शिक्षकांच्या घरी अशी तार असेल, असा प्रश्न कोणी विचारील. पण शाळेसाठी ध्वनिवर्धक संच घेताना 'ही वायर घ्या, आवाजात फरक पडेल' हे वाक्य आपल्यालाही ऐकावे लागते. वर्गणीतून जमलेले पैसे कशावर खर्च करायचे हे तेव्हा ठरवावे लागते. शिवाय दावा कसा तपासावा, हे शिकवायला यासारखे सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

तारेत काय घडते?

प्लेअरकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो तो अत्यंत क्षीण प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह. अ‍ॅम्प्लिफायरचा प्रवेशरोध साधारणपणे 47,000 ओहम असतो. तारेचा स्वतःचा रोध एक ओहमही भरत नाही. म्हणजे तारेत वाया जाणारा भाग सत्तेचाळीस हजारांत एक इतकाही नसतो. चांदी तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्के अधिक सुवाहक आहे हे खरे. पण या नगण्य भागातून सहा टक्के वाचवून कानाला काय मिळणार?

दुसरा गुणधर्म धारिता. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून एक लहानसा संधारित्र बनतो. त्याची धारिता मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड धरू. प्लेअरचा निर्गमरोध 1,000 ओहम आणि तार 2 मीटर असेल, तर ज्या वारंवारतेच्या पुढे संदेश लक्षणीय दुबळा होऊ लागतो ती येते जवळजवळ 8 लाख हर्ट्झ. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. तारेची मर्यादा कानाच्या मर्यादेच्या चाळीसपट पलीकडे आहे.

परीक्षणात काय चुकते?

बहुतेक परीक्षणांत ऐकणाऱ्याला कोणती तार जोडली आहे हे ठाऊक असते आणि तिची किंमतही ठाऊक असते. दोन तारा बदलताना मध्ये काही मिनिटे जातात. आवाजाच्या बारीक छटांची स्मृती इतका वेळ टिकत नाही. दोन्ही वेळा आवाजाची पातळी समान होती का, हे मोजलेले नसते. किंचित मोठा आवाज कानाला 'अधिक मोठा' न वाटता 'अधिक चांगला' वाटतो. शेवटी, प्रयोग एकदाच केलेला असतो.

अमेरिकेतील 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने ऑगस्ट 1983 च्या अंकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी घेतलेली चाचणी छापली. ती स्पीकरच्या तारांची होती. ऐकणाऱ्यांना तार दिसत नव्हती. फार बारीक तार वेगळी ओळखता आली, कारण तिच्या रोधामुळे आवाज कमी होत होता. मात्र संगीत ऐकताना नावाजलेली महाग तार आणि पुरेशी जाड साधी तार यांतला फरक ओळखता आला नाही.

2007 साली जेम्स रँडी यांच्या संस्थेच्या दहा लाख डॉलरच्या आव्हानात स्पीकरच्या एका महाग तारेचा विषय निघाला होता. ती चाचणी प्रत्यक्षात झालीच नाही. म्हणून ती घटना कोणत्याच बाजूचा पुरावा म्हणून वापरू नये. न झालेल्या प्रयोगाला निष्कर्ष नसतो.

तार महत्त्वाची असते तेव्हा

'तार म्हणजे तार, सगळ्या सारख्याच' असे म्हणून मोकळे होणेही तितकेच अशास्त्रीय आहे. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. त्यांचे संदेश प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. तंतूत एक किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. हे उशीर मोजून दुरुस्त केल्यावाचून संदेशांचा मेळ बसत नाही. तिथे जोडणी हा उपकरणाचाच भाग आहे.

शाळेतही असे प्रसंग येतात. जुन्या पद्धतीच्या 50,000 ओहम रोधाच्या मायक्रोफोनला 10 मीटर तार जोडली, तर वर काढलेली मर्यादा 3,200 हर्ट्झच्या आसपास उतरते. मग 'स' आणि 'श' बोथट होतात, मागच्या रांगेतल्या मुलांना शब्द कळत नाहीत. यावर उपाय महाग तारेचा नाही. कमी रोधाचा मायक्रोफोन आणि संतुलित जोडणी हा आहे. स्पीकरमधून येणारी घरघर बहुधा सैल पिन, तुटलेली जाळी किंवा अर्थिंगच्या सदोष जोडणीमुळे असते. ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो जिवावर बेतू शकतो.

वर्गात करून पाहा

एक साधी व एक महाग तार मिळवा. ठरावीक वारंवारतेचा सूर लावून दोन्ही वेळा स्पीकरच्या टोकांवरील विद्युत्दाब मल्टिमीटरने मोजा. तो समान हवा. एका विद्यार्थ्याने पडद्याआड नाणे उडवून, छापा पडल्यास एक आणि काटा पडल्यास दुसरी तार जोडावी व नोंद ठेवावी. तार बदलताना आवाज पूर्ण कमी करावा. बाहेर बसून उत्तरे लिहून घेणाऱ्यालाही कोणती तार आहे हे कळता कामा नये. असे दहा वेळा करा.

नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता 1,024 मध्ये 11, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. तेव्हा नऊ उत्तरे बरोबर देणारा मुलगा तीक्ष्ण कानाचा मानावा का? थांबा. प्रत्येकाने स्वतंत्र दहा फेऱ्या केल्या, तर पन्नास मुलांच्या वर्गात निव्वळ योगायोगाने असा निदान एक जण निघण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. त्याला शाबासकी द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वेळा ऐकवावे. पुन्हा नऊ आली, तर मात्र तारा, जोडण्या आणि आपले गणित हे सारेच नव्याने तपासायला घ्यावे.