पाच हजार कार्डं आणि एक फारसी कागद

मराठेशाहीच्या इतिहासात पीएचडी करायची इच्छा असलेल्या मुलामुलींकडून हल्ली एक ठरलेला प्रश्न येतो. "फारसीसाठी अँकी वापरू का? आणि किती दिवसांत होईल?" पहिल्याचं उत्तर सरळ आहे: वापरा. गोम दुसऱ्यात आहे. 'होईल' म्हणजे नक्की काय होईल, हे विचारणाऱ्याने ठरवलेलं नसतं आणि सॉफ्टवेअर तर ते कधीच ठरवत नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मोबाईलवर पत्त्यांसारखी कार्डं असतात. पुढच्या बाजूला परका शब्द, मागे अर्थ. तुम्ही मनात उत्तर द्यायचं, कार्ड उलटायचं आणि आठवलं की नाही ते बटण दाबून सांगायचं. आठवलं तर ते कार्ड आणखी लांबच्या तारखेला येतं, नाही आठवलं तर लवकर. आज, तीन दिवसांनी, आठवड्याने, मग महिन्याने. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये अँकी लोकांसमोर आणलं. त्यामागचं गणित पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांच्या 1987 च्या सूत्रावर उभं होतं. 2023 पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धतही आली आहे. ती तुमच्या जुन्या उत्तरांवरून हे कार्ड तुम्हाला आज आठवण्याची शक्यता किती, ते काढते. नेहमीची मर्यादा 90 टक्के असते. म्हणजे दहातलं एक कार्ड चुकावं असंच ते वेळापत्रक आखलेलं असतं. रोज थोडं चुकतंय म्हणून खट्टू होणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता संशोधनाकडे येऊ. हे सगळं हवेतलं नाही. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करून दाखवलं होतं की एका दिवसात 68 वेळा घोकून जे साधतं ते तीन दिवसांत विभागलं तर 38 वेळांत साधतं. 2008 मध्ये कार्पिकी आणि रोडिगर यांनी 'सायन्स'मध्ये छापलेला प्रयोग तर प्रत्येकाने वाचावा असा आहे. विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी अशा 40 जोड्या दिल्या. एका गटाने शब्द एकदा आठवल्यावरही त्याची परीक्षा देणं चालू ठेवलं, दुसऱ्याने परीक्षा सोडून नुसतं पुन्हा पुन्हा वाचलं. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे 80 टक्के आठवलं, दुसऱ्याला 36 च्या आसपास. आणि गंमत म्हणजे किती आठवेल असा अंदाज विचारला तेव्हा सगळ्याच गटांनी साधारण निम्मं असं सांगितलं होतं. आपल्याला काय येतं याचा आपला स्वतःचा अंदाज किती कच्चा असतो ते बघा.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र बाहरिक कुटुंबाचा. 1993 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात संशोधकही घरातले चौघं आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला तेही तेच चौघं! प्रत्येकाने परक्या भाषेतले 300 शब्द घेतले, उजळणीत 14, 28 किंवा 56 दिवसांचं अंतर ठेवलं आणि शेवटच्या उजळणीनंतर पाच वर्षांपर्यंत परीक्षा दिल्या. 56 दिवसांच्या अंतराने केलेल्या 13 उजळण्या 14 दिवसांच्या अंतराने केलेल्या 26 उजळण्यांच्या तोडीच्या ठरल्या. निम्म्या कष्टात तेवढंच फळ.

म्हणजे वेळापत्रकाबद्दल वाद नाही. पण संशोधनाची तयारी करताय, तर एक सवय आत्ताच लावून घ्या. कुठलाही प्रयोग वाचला की परीक्षा कशाची घेतली ते शोधा. वरच्या स्वाहिलीच्या प्रयोगात स्वाहिली शब्द देऊन इंग्रजी अर्थ विचारला. सरावात जे विचारलं तेच परीक्षेत विचारलं. स्वाहिलीतलं एक पानसुद्धा कोणाला वाचायला दिलं नाही. त्यात प्रयोगाचा दोष काहीच नाही, त्यांचा प्रश्नच स्मरणाचा होता. दोष आहे तो या आकड्यांवरून 'सहा महिन्यांत भाषा' असं सांगत सुटणाऱ्यांचा.

आमच्या शिवाजी पेठेत गांधी मैदानावर संध्याकाळी गेलात तर चेंडू खाली न पाडता पायावर शंभर-दीडशे वेळा उडवणारी पोरं दिसतील. नाद खुळा कसब. पण मंडळाच्या संघात कोणाला घ्यायचं हे त्या आकड्यावर ठरत नाही. अँकीवर 'सलग 200 दिवस' दिसणं हे त्या उडवण्यासारखं आहे. ते उपयोगी असतंच, पण सामना निराळा.

आपला सामना म्हणजे कागद. तिथे तयार कार्डांचे गठ्ठे कसे फसवतात ते उदाहरणांनीच दाखवतो.

नेटवर फारसीचे जे गठ्ठे फुकट मिळतात ते बहुतेक आजच्या इराणी बोलीचे आणि अर्थ इंग्रजीत असलेले. त्यात 'मुहिम' या शब्दाचा अर्थ 'महत्त्वाचा' असा मिळेल. बरोबरच आहे. पण सतराव्या शतकातल्या मुघल तवारिखेत तोच शब्द 'स्वारी' या अर्थाने येतो. आपण तो 'मोहीम' म्हणून रोज वापरतो. 'तहसील'चं तेच. आजच्या इराणात 'तहसील' म्हणजे शिक्षण घेणं. जुन्या महसुली कागदात ती वसुली, आणि म्हणून आपला तहसीलदार. या दोन शब्दांपुरतं तरी कागदाला तेहरानपेक्षा आपली पेठ जवळची आहे. पाच हजार कार्डं पाठ करून बसलेल्याने आपल्याच तोंडातला बरोबर अर्थ पुसून त्यावर चुकीचा पक्का केलेला असतो, तोही शास्त्रशुद्ध अंतराने.

पण म्हणून मराठीवर भरवसा टाकावा तर ती दुसरीकडे दगा देते. 'तक्रार' मूळ अरबी-फारसीत म्हणजे पुनरावृत्ती. (उजळणीच्या सॉफ्टवेअरबद्दलच्या लेखात हा शब्द आला नसता तर नवल.) 'जलसा' म्हणजे बैठक, तिथे गाणं असेलच असं नाही. आणि सगळ्यात धोक्याचा 'शिकस्त'. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. फारसीत शिकस्त म्हणजे मोड, पराभव. फौजेची शिकस्त झाली हे वाक्य मराठी कानाने वाचलं तर पराभवाचा पराक्रम होतो. असा अर्थ एकदा प्रबंधात गेला की तिथून लेखात आणि लेखातून पाठ्यपुस्तकात जायला वेळ लागत नाही.

आणि 'शिकस्त म्हणजे पराभव' असं कार्ड केलं तरी काम भागत नाही. 'शिकस्त दादन' म्हणजे पराभव करणं, शब्दशः पराभव देणं. 'शिकस्त खुर्दन' म्हणजे पराभव होणं, शब्दशः पराभव खाणं, आपण मार खातो तसं. कोण जिंकलं हे क्रियापदावर ठरतं आणि सुट्या शब्दाच्या कार्डात ते क्रियापदच नसतं. एफएसआरएसला तुमची विस्मरणाची गती अगदी दोन दशांश स्थळांपर्यंत ठाऊक असेल. लढाई कोणी जिंकली ते त्याला ठाऊक नाही.

याच शब्दाला आणखी एक पदर आहे. घाईने, अक्षरं एकमेकांत मोडून लिहिलेल्या फारसी वळणाचं नावच 'शिकस्ता'. दफ्तरातले कितीतरी कागद या वळणात आहेत. कार्डावर मात्र शब्द सुबक छापील टायपात, सगळे नुक्ते जागच्या जागी. परीक्षेच्या हॉलमध्ये छापील प्रश्नपत्रिका येणार असेल तर हे चालेल. आपल्या कागदात नुक्ते गाळलेले असतात, दोन शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. मोडी शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तक्त्यावरची मोडी येणं आणि कोल्हापूर पुराभिलेखागारातला रुमाल सोडून त्यातला कागद वाचणं यात किती अंतर आहे ते त्यांनी सोसलेलं असतं.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडे शब्दकोश पद्यात करून पाठ करायची परंपरा होतीच की. होती. अमरकोश मुखोद्गत असणं ही एकेकाळी साधी अपेक्षा होती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्याभिषेकानंतरच्या काळात रघुनाथ पंडितांनी रचलेला राजव्यवहारकोशही पद्यातच आहे. दहा वर्ग आणि सुमारे 1,380 शब्द. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे कारभाराच्या खात्यांप्रमाणे पाडलेले. त्याचा हेतू आपल्या उलट होता. फारसी शब्द हटवून संस्कृत शब्द रूढ करायचे होते. पण त्यासाठी त्या काळी दरबारात नक्की कोणते फारसी शब्द चालत होते त्याची नोंद झाली, आणि आज आपल्याला तीच यादी हवी आहे. मला विचाराल तर कुठल्याही 'सर्वाधिक वापराचे 5,000 शब्द' गठ्ठ्यापेक्षा ही यादी आधी हाताशी घ्या, कारण ती आपल्याच विषयाची आहे.

मात्र ती वर्गावर्गाने पाठ करू नका. थॉमस टिंकहॅम यांच्या 1993 च्या प्रयोगांपासून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: एकाच कुळातले नवे शब्द एकदम शिकले तर ते एकमेकांत मिसळतात. सगळी शस्त्रं एका दिवशी शिकलात तर कुठलं कुठलं हा गोंधळ ठरलेला. शिवाय पद्यात पुढची ओळ मागच्या ओळीच्या आधाराने आठवते. कागदात शब्द एकटाच समोर येतो, मागची ओळ सांगायला कोणी नसतं. इथे सॉफ्टवेअर खरोखर सरस आहे. ते क्रम मोडतं.

मग करायचं काय? माझं मत असं की कार्ड कागदातून जन्मावं. आधी वाचायला बसायचं, अडायचं, आणि जिथे अडलो तेवढ्याचंच कार्ड करायचं. ग. ह. खरे यांनी संपादित केलेले 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड भारत इतिहास संशोधक मंडळाने काढले आहेत, मराठी भाषांतरासह. सुरुवात तिथून करा. आदिलशाहीतले काही कागद द्विभाषी आहेत, फारसी मजकूर आणि त्याच कागदावर मोडीत मराठी. असा कागद म्हणजे दोन्ही बाजू भरलेलं कार्डच, त्याच काळातल्या कारकुनाने करून ठेवलेलं. अर्थासाठी स्टाइनगासचा 1892 चा फारसी-इंग्रजी कोश सगळे वापरतात, वापरावाच. पण शेजारी माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश ठेवा. हेच ते कवी माधव जूलियन, पुढे आपल्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. फारसीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा वळसा घेतला की 'मुहिम'चं काय होतं ते वर पाहिलंच.

कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द नको. अख्खं वाक्य ठेवा, शब्दाखाली रेघ मारा. जमलं तर कागदावरच्या त्या शब्दाचं कात्रण, म्हणजे वळणाचीही सवय होते. मागे मराठी अर्थ, कागदाचं साल आणि दफ्तराचा क्रमांक. हा क्रमांक टाकायचा कंटाळा येतो, पण चार वर्षांनी तळटीप देताना तोच कार्डांचा गठ्ठा तुमची टिपणवही होतो. आणि मराठीकडून फारसीकडे जाणारी उलटी कार्डं सरळ काढून टाका. तुम्हाला फारसीत पत्र लिहायचं नाहीये, वाचायचं आहे. तयार गठ्ठ्यांत बऱ्याचदा दोन्ही बाजूंची कार्डं असतात, तिथे निम्मी मेहनत अशीच वाचते.

संख्येचा प्रश्न उरतो. पॉल नेशन यांनी 2006 मध्ये इंग्रजीबद्दल हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. हा आकडा ऐकून हातपाय गाळणारे बरेच भेटतात. पण तो हिशेब कुठलाही मजकूर समोर येऊ शकेल अशा वाचकाचा आहे. तुमचा विषय वतनाचे तंटे असा असेल तर तेच शे-दोनशे शब्द पानोपानी येत राहतील आणि त्यांची उजळणी कागदच घेईल, त्यांना कार्ड लागणारच नाही. कार्ड लागतं ते महिन्यातून एखाद्या वेळी भेटणाऱ्या शब्दाला, पुन्हा भेटेपर्यंत जो विसरला जातो त्याला. रोज वीस नवी कार्डं घेत गेलात तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशेच्या घरात जाते आणि वाचायला ठेवलेला तास तीच खाते. मी रोज पाचच्या वर नवी घेऊ नका असं सांगतो, आणि तीही त्या दिवशी वाचलेल्या पानातली. ज्या दिवशी पान वाचलं नाही त्या दिवशी नवं कार्ड नाही.

आणि महिन्यातून एकदा मोबाईल बाजूला ठेवून आधी न पाहिलेला एक कागद घ्या, कोश बंद, अर्धा तास. किती ओळी लागल्या ते तारखेसह वहीत लिहा. प्रवेशाच्या मुलाखतीत 'फारसी कितपत येतं' असं विचारलं तर ती वही पुढे करा.