प्रास्ताविकापासून वाचावयाचा ग्रंथ

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात महाराष्ट्रातील अनेक विहारांतून सायंकाळी ग्रंथवाचन होते. त्रिशरण-पंचशील झाल्यावर एखादा उपासक किंवा उपासिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ उघडते, आदल्या दिवशी जेथे थांबले होते तेथून चार-सहा पृष्ठे वाचते आणि गाथापठण होऊन सभा संपते. ज्या समाजास अक्षराचा अधिकार शतकानुशतके नाकारला गेला, तो समाज तीन महिने रोज एकत्र बसून एका वैचारिक ग्रंथाचे वाचन करतो, ही गोष्ट मराठी वाङ्मयव्यवहारात असाधारण आहे. तिची नोंद मराठी समीक्षेने जवळजवळ घेतलेली नाही. परंतु या वाचनाविषयी आम्हांस एक शंका बरेच दिवस वाटत आली आहे, आणि वर्षावासाच्या निमित्ताने ती मांडणे योग्य ठरेल.

आम्ही जी वाचने ऐकली त्यांतील बहुतेकांचा आरंभ पहिल्या खंडापासून, म्हणजे सिद्धार्थाचे कुल आणि जन्म यांपासून झाला. त्यापूर्वीची काही पृष्ठे वगळली जातात. ही पृष्ठे ग्रंथाच्या प्रास्ताविकाची आहेत. त्यांत ग्रंथकाराने चार प्रश्न उभे केले आहेत : सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण आहे काय, आत्मा नाकारणाऱ्या बुद्धाच्या शिकवणीत कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावावयाची, आणि भिक्खूसंघ कोणत्या हेतूने स्थापन झाला. हे प्रश्न मांडून बाबासाहेब थांबत नाहीत. वाचकांनी पुढे यावे आणि उत्तरे शोधण्याच्या कामात आपला वाटा उचलावा, अशी अपेक्षा ते स्पष्ट शब्दांत व्यक्त करतात. वाचकाला अशा रीतीने कामाला लावणारे धर्मग्रंथ फार थोडे. प्रास्ताविक गाळले की ग्रंथाचे स्वरूपच बदलते. पुढील प्रत्येक प्रकरण हे या प्रश्नांचे एक उत्तर म्हणून लिहिलेले आहे. प्रश्न ऐकू आला नाही तर उत्तर केवळ कथा म्हणून कानांवर पडते. पोथी आणि ग्रंथ यांतील अंतर येथे पुसले जाऊ लागते.

श्रेष्ठ ग्रंथ वाचकास सापडतो कसा, याची दोन उदाहरणे मराठी बौद्ध वाङ्मयाच्या इतिहासातच आहेत. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' १८९८ साली प्रसिद्ध झाले. शाळकरी भीमरावास एका अभिनंदनाच्या सभेत केळुसकर गुरुजींनी ते भेट दिले, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. चरित्रकार हा प्रसंग मॅट्रिकच्या परीक्षेनंतरचा, म्हणजे १९०७ सालचा, सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख आहे. ती प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही, त्यामुळे चरित्रकारांचे विधान रूढ झाले आणि ग्रंथकाराचे स्वतःचे विधान मागे पडले. मूळ साधन हाती नसले म्हणजे काय होते, याचे हे घरचेच उदाहरण.

त्या प्रस्तावनेतील दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. केळुसकरांचे पुस्तक हाती आले तेव्हा आपण रिकाम्या मनाने बुद्धाकडे गेलो नव्हतो, असे बाबासाहेब सांगतात. घरात रामायण-महाभारताचे वाचन सक्तीचे होते. त्यामुळे नवे वाचताना जुन्याशी तुलना करणे आणि दोहोंतील विरोध पाहणे त्यांना शक्य झाले. बौद्ध साहित्याची ओळख आपल्याला का करून दिली नाही, असा प्रश्न त्यांनी वडिलांस विचारला. म्हणजे पहिल्या वाचनातून प्रथम निर्माण झाला तो प्रश्न. श्रद्धेचा क्रम पुष्कळ पुढचा आहे.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळच्या या तरुणास बुद्धाची पहिली ओळख 'बालबोध' या मुलांच्या मासिकातील एका लहानशा चरित्रलेखाने झाली. त्या लेखाच्या ओढीने पुढे १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि १९०२ मध्ये तेथे त्यांनी प्रव्रज्या घेतली. केळुसकरांचे चरित्र आज वाचणारा विरळा, आणि 'बालबोध'मधील तो लेख तर कोणाच्या स्मरणातही नाही. तरीही या दोन साध्या मराठी लेखनांनी जे घडविले ते पुष्कळ थोर गणल्या गेलेल्या ग्रंथांच्या हातून घडले नाही. आमच्या विहारांच्या कपाटांतील पुस्तकांची निवड करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मुलांसाठी लिहिलेले एखादे प्रामाणिक चरित्र कपाटात आहे काय, हे आम्ही आधी पाहू. सोनेरी अक्षरांच्या बांधणीचे खंड त्यानंतर.

कोसंबींच्या ग्रंथांपैकी 'भगवान बुद्ध' (पूर्वार्ध १९४०, उत्तरार्ध १९४१) हा आजही टिकून राहिलेला ग्रंथ होय. साहित्य अकादमीने तो अन्य भारतीय भाषांत नेला. मराठी बौद्ध वाचकाने मात्र त्याला आदराने बाजूस ठेवले आहे, असे खेदाने म्हणावे लागते. याला ग्रंथही काही अंशी कारण आहे. 'आर्यांचा जय' या पहिल्या प्रकरणातील इंद्र, दास आणि बाबिलोनिया यांविषयीचे तर्क आज कोणी अभ्यासक जसेच्या तसे स्वीकारणार नाही, आणि त्यानंतरची सोळा जनपदांची माहिती नव्या वाचकास थकवते. आमची सूचना अशी की, प्रथमच वाचणाऱ्याने ही प्रकरणे सोडून थेट गोतम बोधिसत्त्वाच्या प्रकरणाकडे जावे. तेथे पालीचा एक विद्वान आपल्या डोळ्यांदेखत परंपरागत कथा सुट्टी करतो. हे साधन, हा त्याचा काळ, ही नंतरची भर, असे तो निवडून दाखवितो. मराठीत ही पद्धत इतक्या साध्या भाषेत दुसऱ्या कोणी वापरलेली आमच्या पाहण्यात नाही.

बाबासाहेबांच्या चार प्रश्नांपैकी पहिला घेऊन हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले तर काय दिसते ते पाहू. वृद्ध, रोगी, मृत आणि परिव्राजक यांच्या दर्शनाने सिद्धार्थास वैराग्य आले, ही कथा दोघांनाही मान्य नाही. बाबासाहेबांचा आक्षेप तर्काचा आहे : एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी वा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे कसे संभवते? कोसंबींचा आक्षेप साधनांचा आहे. दीघनिकायातील महापदान सुत्तात ही निमित्तांची कथा येते, परंतु ती विपस्सी बुद्धाची म्हणून येते. गोतमाच्या चरित्रास ती मागाहून जोडली गेली. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तर आईवडील रडत असताना, त्यांच्या समक्ष, केस-दाढी उतरवून घर सोडल्याचे बुद्धाच्या तोंडी आहे. मध्यरात्री निजलेल्या पत्नी-पुत्राकडे पाहून चोरपावलांनी निघून जाणारा सिद्धार्थ त्या सुत्तात नाही.

मग परिव्रज्येचे कारण कोणते? कोसंबी सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे वळतात. शस्त्र हाती घेतल्यानेच भय उपजते आणि आटत्या पाण्यातील माशांप्रमाणे माणसे एकमेकांवर तुटून पडतात, अशा आशयाच्या त्या गाथा शाक्य आणि कोलिय यांच्या कलहाकडे निर्देश करतात असे ते मानतात. बाबासाहेबांनी याच रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यावर संपूर्ण प्रकरण उभे केले. शाक्य संघाची सभा भरते, सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, सिद्धार्थ उपसूचना देतो की दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्रतिनिधी नेमावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. मतदान होते आणि सूचना फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीस नकार दिल्यावर देहदंड, देशत्याग किंवा कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती हे पर्याय पुढे येतात, आणि सिद्धार्थ परिव्राजक होऊन देश सोडण्याचे स्वतः सुचवितो. बहिष्कार या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकावा न लागलेल्या लेखणीतून हे पान उतरले आहे. ते वाचताना कोणी निर्विकार राहील असे आम्हांस वाटत नाही.

विद्यापीठीय पंडितांचा येथे आक्षेप आहे, आणि वस्तुस्थितीपुरता तो बरोबर आहे. ही सभा आणि हे मतदान तिपिटकात कोठेही नाही. रोहिणीच्या तंट्याची कथा जातक आणि धम्मपद यांच्या अट्ठकथांत येते, आणि तेथे तो तंटा मिटविणारा संबोधी प्राप्त झालेला बुद्ध आहे, तरुण सिद्धार्थ नव्हे. शाक्यांचे संथागार होते हे अम्बट्ठ सुत्तावरून समजते. बहुमताने निर्णय घेण्याची रीत विनयात वर्णिलेली आहे, पण ती भिक्खूसंघाची. या तुकड्यांतून बाबासाहेबांनी एक शक्य इतिहास रचला. आमचे काही उपासक बंधू भाषणांतून हा प्रसंग 'त्रिपिटकात आहे' असे सांगतात. तसे सांगण्याने ग्रंथाचे रक्षण होत नाही; उलट पालीचा कोणीही विद्यार्थी ते विधान एका प्रश्नात पाडू शकतो. ग्रंथाचे खरे संरक्षण प्रास्ताविकातच आहे : ग्रंथकाराने हा प्रश्न खुला आहे असे स्वतः म्हटले आहे आणि आपले उत्तर त्यापुढे ठेवले आहे.

याच ठिकाणी आम्ही एक भर घालू इच्छितो. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात बुद्ध आपल्या सुखवस्तू तारुण्याची आठवण सांगतात. आपणही जरा, व्याधी आणि मरण यांच्या अधीन असता दुसऱ्याच्या जरेचा किळस करावा हे शोभत नाही, या विचाराने तारुण्याचा मद उतरला, असे तेथे म्हटले आहे. रस्त्यावरील अकस्मात दर्शन तेथे नाही. आहे ते चिंतन. तेव्हा बाबासाहेबांचा तर्क दर्शनाच्या कथेस लागू पडतो, या सुत्तास तो लागू पडत नाही. जरामरणाचे चिंतन आणि पाण्यासाठी उपसलेली शस्त्रे ही दोन्ही एकाच मनुष्याच्या गृहत्यागामागे असू शकतात. हे आमचे उत्तर झाले. ते चुकीचे वाटणाऱ्याने सुत्त काढून दाखवावे. प्रास्ताविकात मागितलेला वाटा तो हाच.

ग्रंथाची मूळ साधने शोधण्याचे श्रम पूर्वसूरींनी केले आहेत. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना आधारस्थळे हुडकली. महाराष्ट्र शासनाने मूळ इंग्रजी ग्रंथ १९९२ साली अकरावा खंड म्हणून काढल्यावर पाली आणि अन्य आधारांची सूची पुरवणी म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. देवनागरीत संपूर्ण तिपिटक नालंदेच्या आवृत्तीमुळे १९५६ ते १९६१ या काळात उपलब्ध झाले, आणि नंतर इगतपुरीच्या आवृत्तीने अट्ठकथाही आणून दिल्या. साधने नाहीत ही सबब आता चालणार नाही.

नव्या पुस्तकांबद्दल लिहावयाचे तर ६ डिसेंबरच्या चैत्यभूमीवरील आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दीक्षाभूमीवरील पुस्तकांच्या दुकानांपासून आरंभ करावा लागेल. गाडीभाड्यास जोडून आणलेल्या पैशांतून पुस्तक घेणारा वाचक तेथे भेटतो. त्याला जे विकले जाते त्यांत बुद्धचरित्राच्या अशा पुस्तिका पुष्कळ आहेत की ज्यांत कोसंबींचे आणि बाबासाहेबांचे परिच्छेद नाव न घेता मिसळलेले असतात, आणि मधूनच चार निमित्तेही परत येतात. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

गंभीर नव्या लेखनात डॉ. आ. ह. साळुंखे यांचे 'सर्वोत्तम भूमिपुत्र : गोतम बुद्ध' (२००७) हे पुस्तक आवर्जून घ्यावे. संस्कृतचे अभ्यासक आणि चार्वाकावरील ग्रंथाचे लेखक असलेले साळुंखे बौद्ध समाजाबाहेरून बुद्धाकडे आले आहेत. त्यांचे मनही रिकामे नव्हते. शीर्षकातच त्यांनी 'गौतम' सोडून 'गोतम' हे पाली रूप घेतले आहे, ते आम्हांस मनापासून आवडले. 'भूमिपुत्र' या शब्दाविषयी मात्र आम्ही थोडे थबकतो. त्यास सुत्ताचा आधार देता येईल : पब्बज्जा सुत्तात बिंबिसारास उत्तर देताना बुद्ध हिमालयाच्या कुशीतील आपले जनपद, गोत्र आणि कुळ सांगतात. पण त्याच सुत्तनिपातात, सुंदरिक भारद्वाजास, जन्म विचारू नकोस, आचरण विचार, असेही ते बजावतात. या दोन सुत्तांमधील ताण या पुस्तकाच्या वाचकाने जागा ठेवावा. पुस्तकाचे जाहीर वाचन जेथे होईल तेथे या शब्दावर चर्चा व्हावी.

विहारांतून अलीकडे नव्या लेखकांना बोलावून त्यांच्याच तोंडून त्यांचे लेखन ऐकण्याचा प्रघात पडत आहे, तो स्वागतार्ह आहे. लेखकास शाल आणि पुष्पगुच्छ जरूर द्यावा, परंतु अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा, आणि पहिला प्रश्न आधाराचा असावा : हे आपण कोणत्या सुत्तात वाचले? उत्तर 'कोठेच नाही, हा माझा तर्क आहे' असे आले तरी त्यात कमीपणा नाही.

येत्या आषाढ पौर्णिमेस ज्या विहारांत वाचन सुरू होईल तेथील व्यवस्थापकांना आमची विनंती एवढीच की पहिले चार दिवस प्रास्ताविकासाठी द्यावेत, रोज एक प्रश्न. परिव्रज्येच्या प्रकरणाच्या दिवशी कोसंबींच्या 'भगवान बुद्ध'मधील संबंधित पृष्ठे आणि त्यांनीच मराठीत आणलेले अत्तदण्ड सुत्त सोबत वाचावे. श्रोत्यांकडून जी उत्तरे येतील ती लिहून आमच्याकडे पाठविल्यास पुढील अंकांतून त्यांस जागा देऊ.